पावसाळा आला की शॉट खाली: एअर पिस्टलची तीन वर्षांची डोकेदुखी

आधी लक्षण सांगते, म्हणजे ज्यांचं हे नाही त्यांनी वेळ घालवू नये. १० मीटर एअर पिस्टल, सेकंड हँड, रेग्युलेटरवालं (म्हणजे दाबलेल्या हवेचं प्रेशर कमी करून एकसारखं ठेवणारा भाग असलेलं). जानेवारी ते मे सगळं झकास, ६० शॉटला ६०० पैकी ५४८-५५० च्या आसपास फिरतेय (फार ग्रेट नाही, नोकरी सांभाळून एवढंच होतं). जून संपला की दहाच्या सिरीजमध्ये एक किंवा दोन शॉट सरळ खाली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सहा वाजता (घड्याळात सहाचा आकडा असतो तिकडे). खालचा ९, आणि मूड खराब असेल तर खालचा ८. बाकीचे आठ शॉट अगदी नीट. स्कोअर ५३२. ऑक्टोबर उजाडला की आपोआप गायब. हे एक वर्ष नाही, लागोपाठ तीन वर्षं झालं.

पहिल्या वर्षी वाटलं माझंच काहीतरी. ऑफिस ऐरोलीला, पावसात ट्रान्स हार्बर लाइन लटकली की ठाण्याला पोचेपर्यंत अर्धा जीव गेलेला असतो, तिथून रिक्षासाठी भांडून वागळे इस्टेटला रेंजवर (रेंज म्हणजे काय, एका गाळ्यात चार लेन, वर पत्रा, पाऊस पडला की शेजारच्याचा आवाजही येत नाही), तर थकव्याने मनगट खाली पडत असेल. दुसऱ्या वर्षी पॅलेटवर (एअर पिस्टलच्या शिशाच्या गोळीवर) खापर फोडलं. हजारो रुपयांचे डबे आणले. दर डब्याला चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी परत खालचा ८.

आणि सगळ्यात मोठा गाढवपणा, रोज साइटला (नेम धरायच्या पट्टीला) क्लिक देत बसले. दोन शॉट खाली गेले की दोन क्लिक वर. मग चांगले आठ शॉट वर जायला लागले. मग परत खाली. रेंजवर शिकवणाऱ्या सरांनी एक दिवस बघितलं आणि म्हणाले, "अगं, तू निशाणा लावतेयस की रेडिओचं स्टेशन?"

पॅलेटचा विषय आधी संपवते, कारण सगळे तिथेच अडकतात. डोक्यात एक आकडा बसवून ठेवा: ८ मिलिमीटर. टार्गेटवर १० च्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी आणि पॅलेट ४.५ मिमीचा. भोकाची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पॅलेटचं केंद्र मध्यापासून ८ मिमीच्या आत असेल तर १०, १६ च्या आत असेल तर ९, २४ च्या आत ८. रिंगा बरोब्बर ८-८ मिमीने सरकतात. आता चांगला मॅच पॅलेट पिस्टल घट्ट बांधून मारला तर पाच शॉटचा ग्रुप (भोकांचा पुंजका) ३-४ मिमीत बसतो, नळीला न मानवणारा पॅलेट असेल तर ६-७ मिमी. म्हणजे वाईटात वाईट पॅलेट तुमचा काठावरचा १० ढकलून ९ करेल. मधोमध धरलेल्या शॉटचा ८ करायची त्याची ताकद नाही. पॅलेटची शेपटी चेपलेली असेल, वाकडा भरला असेल, तर गोष्ट वेगळी, पण मग तो कुठेही जाईल, दर वेळी सहा वाजता कसा जाईल?

हे गणित मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर पॅलेटचे पैसे वाचले असते. असो.

मग या वर्षी ठरवलं की जे काही आहे ते शोधायचंच. आमच्या शेजारच्या लेनवर एक दादा येतात, रबाळे एमआयडीसीत टूलरूममध्ये आहेत, मायक्रोमीटर खिशात घेऊन फिरणारा माणूस. ते म्हणाले, ताई, आधी तुमचा हात यातून काढून टाकू. त्यांनी नायलॉनचे जबडे करून आणले, बेंच व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पिस्टलची फ्रेम धरली (नळी किंवा दाबलेल्या हवेचा सिलेंडर व्हाइसमध्ये कधीही आवळू नका, नळी ताणली की ग्रुपच बदलतो, आणि सिलेंडर का नको ते सांगायला लागू नये), टेबलाला क्लॅम्प मारले आणि सरांची परवानगी घेऊन रविवारी सकाळी रेंज रिकामी असताना बसलो. व्हाइस नसेल तर टेबलावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून दोन्ही हातांनी टेकून मारलं तरी बरंच कळतं.

पाच-पाचचे सहा ग्रुप मारले. सगळे ४ मिमीच्या आत. एक तर असा की पाचही शॉटचं मिळून एकच भोक.

म्हणजे पिस्टल निर्दोष, आरोपी मी. सर काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर "बघ, मी म्हणत होतो ना" होतं. पुढचे तीन आठवडे मी मनगटाचे व्यायाम केले, ग्रिपला लाकडाची पुटी लावून घासली, भिंतीवर कोरा कागद लावून रोज वीस मिनिटं ड्राय फायर (पॅलेट न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव) केलं. होल्ड (पिस्टल स्थिर धरणं) सुधारला हे खरं. खालचा ८ तसाच.

इथे एक सांगायलाच पाहिजे. ती व्हाइसवाली टेस्ट चुकीची होती. म्हणजे टेस्ट बरोबर, पण मारायची पद्धत चुकीची, आणि ते आम्हाला तिघांनाही कळलं नाही. कळलं ते असं: एका शनिवारी मी ६० शॉटची पूर्ण मॅच लावली, दादा मागे खुर्ची टाकून बसलेले, हातात चहा. संपल्यावर त्यांनी एकच वाक्य टाकलं. "ताई, तुम्ही ८ मारायच्या आधी पाणी पिता."

मी म्हटलं काय पाण्याचा संबंध. ते म्हणाले, मला माहीत नाही, पण चारपैकी चार वेळा बाटली उचललीत आणि नंतरचा शॉट खाली.

मग वही काढली. माझ्या वहीत प्रत्येक शॉटचा गुण आणि दिशा असते, पण वेळ नव्हती. पुढचे चार दिवस प्रत्येक शॉटसमोर मोबाइलमध्ये बघून वेळ लिहिली, भयंकर कंटाळवाणं काम, पण चित्र आरशासारखं स्वच्छ. ४०-५० सेकंदांच्या अंतराने मारलेले शॉट ठीक. तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबले, पाणी प्यायले, चष्मा पुसला, पुढचा शॉट खाली. जितकी थांबले तितका खाली. त्यानंतरचा शॉट लगेच नॉर्मल.

आणि आम्ही व्हाइसवर कसे मारले होते? धडाधड. भर, मार, भर, मार. पंधरा-वीस सेकंदांत एक. पिस्टलला थांबूच दिलं नाही तर ते चूक करणार कसं! क्वालिफिकेशनला ६० शॉटना ७५ मिनिटं असतात, म्हणजे सरासरी सव्वा मिनिटाला एक, आणि त्यात प्रत्येक जण कुठे ना कुठे मोठा श्वास घ्यायला थांबतोच. टेस्ट करायची तर त्याच चालीने करायला हवी होती.

परत व्हाइस. या वेळी दादांनी कुठूनतरी क्रोनोग्राफ मिळवला. नळीच्या पुढे ठेवायचा, पॅलेट दोन सेन्सरमधून जातो, वेग दिसतो. सलग मारलेल्या शॉटचा वेग १४६ ते १४९ मीटर पर सेकंद, मॅच पिस्टलला साधारण हवा तेवढाच. मग पाच मिनिटं थांबलो. १३१. परत सलग मारले, १४७, १४८. मग दहा मिनिटं थांबलो, दादा म्हणाले तोवर समोसा आणू, आणला, हात धुतले (त्यावर पुढे बोलते), मारला. १२४.

आता हे टार्गेटवर किती होतं ते बघा. १४८ ने निघालेला पॅलेट १० मीटर जायला साधारण ०.०७ सेकंद घेतो आणि तेवढ्यात साडेतेवीस मिमीच्या आसपास खाली पडतो, साइट हे धरूनच सेट असते. १२४ ने निघाला तर ०.०८३ सेकंद लागतात आणि तो साधारण ३३ मिमी पडतो. फरक १० मिमी, तोही सरळ खाली. मधोमध धरलेला शॉट खालचा ९ होतो, आणि होल्ड ७ मिमी खाली असताना सुटलेला शॉट, जो एरवी १० मध्येच असता, तो १७ मिमीवर जाऊन पडतो. खालचा ८. शिवाय हातात धरून मारताना संथ पॅलेट नळीत जास्त वेळ राहतो, तेवढ्यात हात हलला तर तेही त्यात जमा. तीन वर्षं ज्याला मी माझं मनगट समजत होते तो हा.

याला रेग्युलेटर क्रीप म्हणतात. थोडक्यात, सिलेंडरमध्ये हवा २०० बारने (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेली असते, पण शॉटला ती तशीच्या तशी देता येत नाही, नाहीतर पहिला शॉट आणि शंभरावा शॉट यांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो, तो ठरावीक कमी प्रेशर झालं की दार बंद करतो. दाराच्या सीटवर कचरा, ओरखडा किंवा गंज असेल तर ते पूर्ण बंद होत नाही, बारीक बारीक हवा झिरपत राहते आणि आतल्या छोट्या चेंबरमधलं प्रेशर हळूहळू चढतं. सलग मारलं तर झिरपायला वेळच मिळत नाही. थांबलं की चढतं. काही पिस्टलमध्ये यामुळे पुढचा शॉट जोरात जातो आणि वर लागतो. काहींमध्ये उलटं होतं, चढलेल्या प्रेशरने व्हॉल्व्ह इतका घट्ट दाबला जातो की हॅमरच्या ठोक्याने तो नीट उघडतच नाही, हवा कमी सुटते, शॉट संथ. माझं दुसऱ्या जातीचं. म्हणजे शॉट खाली गेला म्हणून प्रेशर कमी असं समजू नका, माझं जास्त होत होतं.

आणि सिलेंडरवरचं घड्याळ यातलं काहीच दाखवत नाही. ते सिलेंडरमधलं प्रेशर दाखवतं, रेग्युलेटरच्या पलीकडचं नाही. मी तीन वर्षं त्या काट्याकडे बघून "१८० आहे, मस्त आहे" म्हणत होते.

क्रोनोग्राफ नसेल तरी हे फुकटात तपासता येतं. पिस्टल टेकवून दोन कार्ड मारायची. एका कार्डावर दहा शॉट ४० सेकंदांच्या अंतराने. दुसऱ्यावर दहा शॉट, प्रत्येकाआधी पाच मिनिटं थांबून (तासभर जातो, पुस्तक घेऊन बसा). साइटला हात लावायचा नाही, पॅलेट त्याच डब्यातले. दोन्ही ग्रुपची मधली उंची फुटपट्टीने मोजा. दोन मिमीच्या आत फरक असेल तर तुमचा रोग हा नाही, दुसरीकडे शोधा. ग्रुप आडवा पसरत असेल तर ट्रिगरवरचं बोट, ग्रिप किंवा साइट बघा. दोन वेगळे पुंजके पडत असतील तर साइटचा स्क्रू सैल आहे का ते आधी बघा, दहातल्या पाच केसेस तिथेच मिटतात असं माझं मत. चहूबाजूंनी विखुरला तर पॅलेट किंवा नळीचं तोंड.

पण मग पावसाळाच का, हा प्रश्न उरलाच होता.

याचं उत्तर रेंजच्या कोपऱ्यात उभं होतं. आमच्याकडे सिलेंडर भरायला स्कूबाची मोठी टाकी आहे. ती टाकी एक डायव्हिंगवाला त्याच्या कॉम्प्रेसरवर भरून देतो, तिथे हवा फिल्टरमधून कोरडी होऊन येते. आता पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर डायव्हिंग बंद, म्हणजे जूनपासून त्याचं दुकान बंद, तो गावी. टाकी जूनअखेर संपते. मग आम्ही काय करतो? हातपंप. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ठाण्याच्या दमट हवेत, गळक्या पत्र्याखाली, हापसा हाणल्यासारखं हापत बसतो. ऑक्टोबरमध्ये डायव्हिंगवाला परत येतो, टाकी भरते, कोरडी हवा आतून फिरायला लागते, दुखणं गायब. इतकं सरळ होतं. आणि मी मनगटाला तेल चोळत होते.

किती पाणी जातं याचा हिशोब दादांनी गाळ्याच्या भिंतीवर पेन्सिलीने मांडला, अजून आहे तिथे. ३० डिग्री तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. सिलेंडर १०० मिलीलिटरचा धरा, २०० बारला त्यात बाहेरची २० लिटर हवा कोंबली जाते. २० लिटरमध्ये अर्धा ग्रॅम पाणी. पण दाबलेल्या हवेची जागा तेवढीच, १०० मिली, त्यात वाफ म्हणून फक्त तीनेक मिलिग्रॅम राहू शकते. बाकीच्या वाफेचं पाणी होतं. अर्धा ग्रॅम म्हणजे दहाएक थेंब, एका भरणीला. सगळं आत जात नाही, बरंचसं पंपाच्या तळाला आणि होजमध्ये राहतं, पण पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून ते काढून टाकायचं असतं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा फुस्सकन दुधाळ पाण्याची पिचकारी ड्रेसवर.

दुरुस्ती मी स्वतः केली नाही आणि तुम्हीही करू नका. यूट्यूबवर लोक हसत हसत रेग्युलेटर उघडताना दिसतात, पण आत दाबलेली हवा अडकलेली असू शकते आणि एखादा भाग डोळ्यावर आला तर पुढचा सीझन नाही, डोळाच जातो. ज्याला हे काम येतं अशा माणसाकडे दिलं, तीन आठवडे लागले, पाच मिनिटांसाठी म्हणून उघडून दाखवायला बोलावलं तेव्हा गेले. रेग्युलेटरमध्ये बशीसारख्या स्प्रिंग वॉशरची चळत असते, त्यातल्या दोन वॉशरना तांबूस गंज. ग्रीस पाणी मिसळून साबणाच्या फेसासारखं झालेलं. आणि सीटवर एक बारीक डाग, भिंगातूनच दिसेल असा. ऑक्टोबरमध्ये कोरडी हवा आली की पाणी उडून जायचं म्हणून दरवर्षी बरं वाटायचं, पण तो डाग पडल्यावर या वर्षी बहुतेक ऑक्टोबरनेही काही झालं नसतं. सीट, वॉशर, ओरिंग बदलले. खर्च पॅलेटच्या त्या डब्यांपेक्षा कमी आला, हे लिहिताना अजून चिडचिड होते.

दोन धोक्याच्या गोष्टी, कारण आमच्याच रेंजवर एकाने विचारलं होतं. एक, पाणी जातंय म्हणून पंपात किंवा सिलेंडरच्या तोंडाला मशीन ऑइल, थ्री-इन-वन, खोबरेल असलं काही सोडू नका. जास्त दाबात तेलाची वाफ पेट घेऊ शकते, डिझेल इंजिनात होतं तसंच. सिलिकॉन ग्रीस, तेही नखभर आणि सांगितलेल्या जागीच. दोन, हवेऐवजी हॉस्पिटलचा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन भरून घेऊ का, असं कोणी म्हणालं तर त्याला पंपापासून लांब बसवा. तेल, ग्रीस आणि दाबातला ऑक्सिजन म्हणजे सरळ स्फोट. आणि सेकंड हँड घेताना सिलेंडरवरची तारीख वाचा, बहुतेकांची मुदत १० वर्षं असते, मॅचला इक्विपमेंट चेकमध्ये बघू शकतात आणि मुदत संपलेली असेल तर तुमची जबाबदारी.

पिस्टल परत आल्यावर व्हाइसवर पाच मिनिटांच्या गॅपने १४६, १४७, १४७. दहा मिनिटांनी १४८.

तेव्हा कुठे पॅलेट टेस्ट करायला अर्थ आला. त्याआधी केलेल्या सगळ्या टेस्टचे कागद फाडून टाकले, कारण वेगच नाचत होता तर कुठला पॅलेट चांगला हे कसं कळणार. बाजारात आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच वगैरे जे मिळतात ते वजनात वेगळे (पिस्टलवाले सहसा ०.४५ किंवा ०.४९ ग्रॅम, रायफलवाले ०.५३) आणि डोक्याच्या मापातही वेगळे, ४.४९, ४.५०, ४.५१ असे. कुठलं चांगलं हे मला विचारू नका, तुमच्या नळीला विचारा. माझ्या नळीला ४.५० बरा पडला, शेजारच्या मुलीचं मॉडेल तेच आणि तिला ४.४९. मी प्रत्येक मापाचे पाच-पाचचे दहा ग्रुप मारले, दोन रविवार गेले. एकाच ग्रुपवर विश्वास ठेवू नका, एखादा सुंदर ग्रुप कुठलाही पॅलेट देतो, अगदी माझ्या टाकून द्यायच्या डब्यानेही एकदा ३ मिमी दिला होता.

माझा मावसभाऊ अमेरिकेत सेंटरफायर (दारूच्या काडतुसाचं) पिस्टल मारतो, तिकडे लोक काडतुसं स्वतः भरतात. आपल्याकडे तो सगळा लायसन्सचा विषय आहे आणि .२२ तर रिमफायर, ती कोणी परत भरत बसत नाही. पण त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना गंमत वाटली, त्याची रड तीच. नवी गोळी बदलली, दारू बदलली, केस बदलली, सगळं एकदम, आणि मग ग्रुप बिघडला तर कशामुळे ते कळेना. शेवटी पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापावर परत जाऊन एकेक गोष्ट बदलत, प्रत्येक वेळी क्रोनोग्राफवर बघत बसावं लागलं. मी त्याला म्हटलं, तू निदान शॉटच्या आधी पाणी पितोस का ते तपास. त्याला कळलं नाही.

ज्यांची मॅच तोंडावर आहे आणि सर्व्हिसला वेळ नाही त्यांच्यासाठी: थांबल्यावर एक शॉट रिकामा सोडला की चढलेलं प्रेशर निघून जातं आणि पुढचा नीट जातो, पण हे फक्त सायटिंगच्या (मॅचआधीच्या सरावाच्या शॉटच्या) वेळात. मॅच सुरू झाल्यावर पॅलेट न भरता हवा सोडली तर गुण जाऊ शकतात. त्यापेक्षा चाल एकसारखी ठेवा, पाणी प्यायचं ते पटकन, आणि मोठा ब्रेक घ्यायचा तर हिशोबाने घ्या. गुण वाचवायचा जुगाड आहे हा, इलाज नाही. दोन गुण म्हणजे किती, ते मनू भाकरला विचारा: टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये ऐन क्वालिफिकेशनमध्ये पिस्टल बिघडलं, ५७५ वर थांबली, फायनल दोन गुणांनी गेली. २०२४ ला पॅरिसमध्ये याच इव्हेंटला ब्राँझ आणलं, ते सोडा. पण बिघाड मोठ्यांनाही होतो, स्वतःला दोष देण्याआधी मशीन बघायला लाजू नका.

हात धुण्याचं राहिलं. पॅलेट शिशाचे असतात. आपल्याकडे रेंजवर एका हातात पॅलेट आणि दुसऱ्या हातात वडापाव हे दृश्य रोजचं आहे, आणि काही पोरं पॅलेट ओठात धरून लोड करतात, ते बघून अंगावर काटा येतो. साबण, गार पाणी, मग खाणं. पावसाळ्यात डब्यातल्या पॅलेटवर पांढरी पावडर दिसली तर ते शिसं ऑक्सिडाइझ झालेलं आहे, फुंकर मारू नका, डबा बाजूला ठेवा. आणि उघडा डबा सॅकमध्ये टाकून ठाणे लोकलच्या गर्दीत आणाल तर घरी पोचेपर्यंत अर्ध्या पॅलेटच्या शेपट्या चेपलेल्या असतात. मी डब्यात वरून फोमचा गोल तुकडा कापून बसवते, खुळखुळ बंद.

आता पंपाची व्यवस्था अशी केलीय. पंपाच्या हवा खेचायच्या तोंडाला निळ्या सिलिका जेलची नळी लावली, दादांनीच बनवली. ५० हापसे झाले की थांबायचं, ब्लीड उघडून पाणी काढायचं, पंप गार होऊ द्यायचा, मग पुढचे ५०. भरल्यावर सिलेंडर गरम असतो, गार झाला की काटा थोडा उतरतो, ते लीकेज नाही, घाबरून परत भरू नका. सिलेंडर पूर्ण रिकामा करून कधी ठेवत नाही, थोडी हवा राहू देते म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. रेंजवर सगळ्यांना हे सांगितलं, निम्म्यांनी ऐकलं, निम्मे म्हणतात आमचं काही होत नाही. त्यांच्या वह्यांमध्ये वेळ लिहिलेली नसते.

सिलिका ओलावा खाऊन निळ्याची गुलाबी होते. डिसेंबरमध्ये ती महिना महिना निळी राहील असा अंदाज आहे. या जुलैमध्ये सोमवारी भरलेली बुधवारी गुलाबी. तव्यावर मंद आचेवर परतली की परत निळी होते, तवा मात्र त्यासाठी वेगळा ठेवा, मी जुना ठेवलाय आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "पोळ्या नाही" लिहिलंय, कारण सासूबाईंनी एकदा त्यावर धिरडं घालायला घेतलं होतं.